स्कायडायव्हिंगवर थरारकथा लिहायची आहे? इंदूरहून सुरुवात अशी करा

इंदूरात मराठीतून लिहिणारे पुष्कळ आहेत. पण थरारकथा लिहायची म्हटलं की आपली पात्रं मुंबईच्या लोकलमध्ये नाहीतर पुण्याच्या जुन्या वाड्यात जाऊन बसतात. स्कायडायव्हिंगच्या जगात घडणारी कादंबरी मी लिहायला घेतली, तेव्हा मराठीत विचारावं असं कुणी सापडेना. माहिती मिळायची ती विखुरलेली, आणि बरीचशी सिनेमातून पसरलेली, म्हणून चुकीची. ती कादंबरी आता पुरी झाली आहे. तुम्ही याच वाटेने निघाला असाल तर तुमचे काही महिने वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. या विषयातला सगळा थरार उंचीत आहे. पात्राच्या पायाखाली किती फूट उरलेत आणि म्हणून हातात किती सेकंद आहेत, हे वाचकाला ठाऊक असेल तर साधा अडकलेला दोराही त्याला श्वास रोखायला लावतो. ते ठाऊक नसेल तर विमान उडवून दिलंत तरी तो जांभई देईल. पुढच्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

१. लिहायला बसण्याआधी एकदा स्वतः वरून खाली या

यासाठी थायलंड किंवा दुबई गाठायची गरज नाही. मध्य प्रदेश पर्यटन मंडळ हिवाळ्यात उज्जैनजवळच्या दताना हवाईपट्टीवर स्कायडायव्हिंगचा महोत्सव भरवतं. इंदूरहून सकाळी निघून उडी मारून संध्याकाळी घरी परतता येतं. तिथे टँडम उडी असते: प्रशिक्षकाच्या पुढे तुम्हाला पट्ट्यांनी जोडतात आणि साधारण १०,००० फुटांवरून दोघं एकत्र बाहेर पडता. खर्च तीस हजारांच्या आसपास धरून चला, कर वेगळा. दर आणि तारखा दर हंगामात बदलतात, म्हणून बुकिंग अधिकृत ठिकाणीच करा. पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारून घ्या: हवामानामुळे उडी रद्द झाली तर पुढे काय, आणि व्हिडिओचे पैसे वेगळे आहेत का. तुम्हाला लिहायचं आहे, त्यामुळे व्हिडिओ घ्याच. आपला चेहरा काय करत होता हे आपल्याला आठवत नाही.

सोबत हे असू द्या:

- फोटो असलेलं ओळखपत्र, ज्यावर जन्मतारीख आहे. वय १८ पूर्ण हवं.
- खरं वजन. मर्यादा असते आणि तिथे वजन करतात.
- हृदय, रक्तदाब, फिट्स, मणका किंवा खांदा यांचं काही दुखणं असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांचा सल्ला. जोखीम स्वीकारल्याच्या पत्रावर सही करावी लागते. ते पत्र पूर्ण वाचा, तुमच्या कथेतही ते कामाला येईल.
- नाडीचे बूट आणि अंगाबरोबर बसणारे गरम कपडे. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं. खाली १२ अंश असतील तर वर उणे आठच्या आसपास.
- वही. ती वर न्यायची नाही, उतरल्याबरोबर उघडायची.

सर्दी झाली असेल तर उडी पुढे ढकला. खाली येताना हवेचा दाब झपाट्याने वाढतो आणि चोंदलेल्या नाकाने कान भयंकर दुखतात.

आता तिथे काय टिपायचं ते. लहान विमानाला वर चढायला बराच वेळ लागतो, आणि माणसं गप्प होतात ती याच काळात. दार उघडलं की आधी थंडी आत येते, मग आवाज. बाहेर पडल्यावर उंच पाळण्यात पोटात गोळा येतो तसं होत नाही, कारण विमान आधीच ताशी दीडशेच्या आसपास पुढे धावत असतं आणि तो वारा तुम्हाला लगेच धरतो. पडतोय असं वाटण्याऐवजी कुणीतरी छातीखालून जोरात रेटतंय असं वाटतं. जमीन जवळ येताना दिसत नाही, निदान वरच्या टप्प्यात तरी नाही. कॅनपी, म्हणजे पॅराशूटचं छत, उघडली की कानातला सगळा गोंगाट एकदम थांबतो आणि मागच्या प्रशिक्षकाचा आवाज अगदी घरातल्यासारखा ऐकू येतो. खाली गव्हाच्या हिरव्या पट्ट्या, मधून काळी जमीन, क्षिप्रेचं वळण. हे सगळं तुमच्या शब्दांत लिहा, आणि त्याच दिवशी लिहा. दुसऱ्या दिवशी तुम्ही ते लोकांना सांगून सांगून गुळगुळीत केलेलं असतं.

२. उंचीचा हिशेब पाठ करा

पोट खाली करून पडणाऱ्या माणसाचा वेग काही सेकंदांत ताशी १९०-२०० किलोमीटरवर स्थिरावतो. पहिले हजार फूट पडायला सुमारे १० सेकंद लागतात. त्यानंतरच्या प्रत्येक हजार फुटांना साडेपाच. एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तर कुठल्याही प्रसंगाचं गणित मांडता येतं.

- १३,००० फुटांवरून उडी, ३,००० वर पॅराशूट उघडायचं: हातात सुमारे ६० सेकंद.
- १०,००० वरून टँडम, ५,००० च्या आसपास उघडायचं: सुमारे ३२ सेकंद.
- २,५०० फुटांवर अजून काहीच उघडलेलं नाही: जमिनीपर्यंत सुमारे १४ सेकंद.
- ७५० फुटांवर काहीच उघडलेलं नाही: सुमारे ४ सेकंद.

पॅराशूट ओढल्याबरोबर उघडत नाही. पूर्ण फुलेपर्यंत सहाशे-आठशे फूट सहज जातात. म्हणजे १,००० फुटांवर नायकाने ओढलं आणि वाचला, असं लिहायचं असेल तर तो नशिबाने वाचला असंच लिहावं लागेल. उघडल्यानंतर उतरण्याचा वेग मिनिटाला हजार फुटांच्या आसपास. म्हणजे ३,००० वर उघडलेल्या पात्राला खाली येईपर्यंत जेमतेम तीन मिनिटं मिळतात. संवाद, पश्चात्ताप, खाली उभ्या असलेल्या शत्रूला पाहणं, सगळं त्यात बसवायचं.

माझी पद्धत सांगते. हवेतल्या प्रत्येक प्रसंगासाठी वहीत दोन रकाने आखा. डावीकडे उंची, उजवीकडे घटना. १३,००० बाहेर पडले. १२,००० वेग स्थिर. ९,००० तिला दिसलं की पुढच्याच्या पाठीवरचा पट्टा सुटा फडफडतोय. ६,००० जवळ पोहोचली. ५,५०० त्याने मान वळवली. असं भरत गेलं की लगेच कळतं, कुठल्या दोन ओळींमध्ये तुम्ही अडीच सेकंदांत दीड पान स्वगत कोंबलंय. ते काढा. फ्री फॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी पडताना, माणूस आठवणींत रमत नाही. तो उंची बघतो, हात बघतो, क्षितिज बघतो.

पाठलागाचा प्रसंग सगळ्यांनाच हवा असतो, आणि तो शक्य आहे. डोकं खाली करून सूर मारला तर वेग ताशी २५०-२६० च्याही वर जातो, म्हणजे सपाट पडणाऱ्याच्या तुलनेत सेकंदाला सतराअठरा मीटर जास्त. दुसरं पात्र पहिल्यामागून ४ सेकंदांनी बाहेर पडलं तर दोघांत उभं अंतर दोनशे मीटरच्या आसपास होतं. शिवाय विमान तेवढ्यात पुढे गेलेलं असतं, म्हणून आडवं अंतरही दीडशे मीटरच्या घरात. हे तिरकं अंतर कापायला पंधरा-वीस सेकंद द्या. १० सेकंद उशीर केलात तर बहुतेक वेळा भेट होण्याआधीच पॅराशूट उघडायची उंची येते. आणि पोहोचल्यावर वेग मारावा लागतो, नाहीतर ती धडक दोघांनाही बेशुद्ध करते. १९८७ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात खरोखर असं घडलं होतं: हवेत धडकून बेशुद्ध पडलेल्या एका तरुणीपर्यंत एक प्रशिक्षक सूर मारत पोहोचला, तिचं पॅराशूट ओढलं, आणि ती वाचली.

३. पाठीवरच्या पिशवीत काय असतं ते चित्र काढून शिका

इथे नेटकंच सांगते. बाकीचं दतानाला पॅकिंगच्या सतरंजीपाशी उभं राहून बघा. विचारलं की माणसं आवडीने दाखवतात.

पाठीवर दोन पॅराशूट असतात: मुख्य आणि रिझर्व्ह, म्हणजे राखीव. मुख्य उघडायला हाताने एक लहानसं पायलट शूट वाऱ्यात फेकतात, ते मोठ्याला ओढून बाहेर काढतं. मुख्यमध्ये बिघाड झाला तर उजवीकडचा कटअवे हँडल ओढून ते तोडून टाकायचं, मग डावीकडचा हँडल ओढून रिझर्व्ह उघडायचं. हा क्रम उलटा करू नका. खांद्यापाशी तीन कड्यांची एक जुळणी असते, तिच्यामुळे एका ओढीत मुख्य पॅराशूट सुटतं. बिल बूथ यांनी ती १९७० च्या दशकात आणली. मनगटावर उंची दाखवणारा अल्टिमीटर, हेल्मेटमध्ये ठरावीक उंचीला शिट्टी देणारं यंत्र, आणि अडकलेली दोरी कापायला वाकडी सुरी.

आणि एक स्वयंचलित यंत्र, ज्याचा सगळ्यात प्रसिद्ध नमुना सायप्रेस या नावाने १९९१ मध्ये जर्मनीत आला. अनुभवी उडीबाजांसाठीचं हे यंत्र सुमारे ७५० फुटांवर माणूस अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडतोय असं ओळखतं आणि रिझर्व्ह उघडून देतं. थरारकथा लिहिणाऱ्याची हे यंत्र मोठी अडचण करतं. बेशुद्ध पात्रही त्यामुळे वाचू शकतं. ते का चाललं नाही, याचं पटणारं कारण तुमच्या कथेत असलंच पाहिजे.

४. माळवा आणि निमाड यांच्यातला उतार वापरा

असं एक कारण आपल्या दाराशी आहे, आणि त्यासाठी कुणालाही कात्री हातात घ्यावी लागत नाही.

अल्टिमीटर आणि ते स्वयंचलित यंत्र, दोघंही उंची मोजतात ती हवेच्या दाबावरून, आणि शून्य धरतात ते जिथून उड्डाण केलं त्या जमिनीला. सपाट मुलखात याने काही बिघडत नाही. पण आपण पठाराच्या काठावर राहतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर. जाम घाट उतरून निमाडात, नर्मदाकाठी महेश्वरला गेलं की उंची दीडशे मीटरच्या आसपास राहते. मांडू मात्र सहाशे मीटरच्या वर. महेश्वर आणि मांडू यांच्यात उभं अंतर साधारण दीड हजार फुटांचं पडतं.

आता कल्पना करा: प्रदर्शनी उड्डाण महेश्वरच्या काठावरून होतं, उतरायचं मांडूच्या पठारावर, जहाज महालाच्या बाजूला. उपकरणांचा शून्य नदीकाठचा आहे. पात्राच्या मनगटावर २,५०० दिसतं तेव्हा पायाखाली प्रत्यक्षात १,००० फूट आहेत. आणि स्वयंचलित यंत्राला अपेक्षित असलेले ७५० फूट तर मांडूच्या जमिनीच्याही खाली येतात. ते यंत्र जागं होईपर्यंत जमीन आलेली असेल.

जाणकार हा फरक उड्डाणाआधीच यंत्रात भरतात. त्यासाठी सोय असते, आणि कुणीतरी एकजण ते तपासतो. तुमचं कथानक त्या एका माणसाभोवती उभं राहू शकतं. त्याने विसरून भरला नाही? की उतरायची जागा शेवटच्या क्षणी कुणी बदलली, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून? इंदूर-महू-मांडू या टापूत वाढलेल्या लेखकालाच हे सहज सुचेल. घाट उतरताना कानात दडे बसतात हे आपण लहानपणापासून अनुभवलंय.

उलट्या दिशेने, म्हणजे इंदूरहून उडून निमाडात उतरताना, चूक सुरक्षित बाजूला पडते. अल्टिमीटर शून्य दाखवतो तेव्हा पात्र अजून तेराशे फूट वर असतं. हाही एक सुंदर प्रसंग आहे: धुक्यात, आकड्यावर विश्वास ठेवलेला माणूस, जमीन येत का नाही म्हणून घाबरलेला.

५. नायक कोण, हे ठरवताना घाई करू नका

पहिला विचार उडी मारणाऱ्याचाच येतो. माझं मत असं की या जगातलं सगळ्यात नाट्यमय पात्र जमिनीवर राहतं: रिझर्व्ह पॅराशूट बांधणारा रिगर. मुख्य पॅराशूट बरेच जण स्वतः बांधतात, पण रिझर्व्ह परवानाधारक रिगरच बांधतो, त्याची पिन लाल दोऱ्याने बांधतो आणि त्यावर आपल्या खुणेचं शिशाचं सील मारतो. कार्डावर तारीख आणि सही. अमेरिकेत दर १८० दिवसांनी ते उघडून पुन्हा बांधावं लागतं. वर काही झालं की पहिला प्रश्न येतो: सील कुणाचं? स्नेहलतागंजात राहणारी, तीस वर्षं शिवणकाम केलेल्या आईची मुलगी, रिगर झालेली, आणि तिच्या सीलची खूण एका मृताच्या पाठीवर. एवढ्यावर अख्खी कादंबरी चालते.

उडी मारणारंच पात्र हवं असेल तर त्याचा अनुभव नेमका ठरवा. अमेरिकन पॅराशूट संघटनेच्या पद्धतीने पहिला परवाना २५ उड्यांनंतर, पुढचे ५०, २०० आणि ५०० उड्यांवर. २०० उड्यांआधी विंगसूट, म्हणजे हातापायांमध्ये पंखांसारखं कापड असलेला पोशाख, नाही. तुमचा नायक नवशिका असेल तर त्याच्या अंगावर विंगसूट चढवू नका, जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

सैनिक पात्र घेताना आणखी एक काळजी. आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमधून प्रत्येक छत्रीधारी सैनिक तयार होतो, पण त्याची मूळ तालीम स्टॅटिक लाइनची असते: विमानाला जोडलेली पट्टी बाहेर पडताच पॅराशूट उघडते, उंची सव्वा हजार फुटांच्या आसपास. ११ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेश युद्धात, टांगाईलला उतरलेली आपली पॅरा बटालियन अशीच उतरली होती. फ्री फॉल हे पुढचं, वेगळं प्रशिक्षण. हवाई दलाचा आकाशगंगा चमू १९८७ पासून ते लोकांसमोर दाखवतो. महूला निवृत्त फौजी पुष्कळ आहेत, ओळखीतून कुणी छत्रीधारी भेटला तर दोन तास बसा. आग्रा किंवा ग्वाल्हेरसारख्या हवाई दलाच्या तळांचे फोटो मात्र काढायला जाऊ नका, परवानगी नसते.

मराठी बाई आकाशातून उडी मारते हे वाचकाला पटेल का, असा प्रश्न मला काहींनी विचारला. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली. पटवून देण्याचं काम त्यांनी केलेलं आहे. तुम्ही थेट गोष्टीला लागा.

६. हे प्रसंग लिहू नका

*फ्री फॉलमधले संवाद.* ताशी दोनशेच्या वाऱ्यात शेजारच्याचं काही ऐकू येत नाही. हाताच्या खुणा असतात, चेहरे असतात. बोलणं विमानात किंवा कॅनपीखाली ठेवा.

*पॅराशूट उघडताच पात्र झपकन वर जातं.* कुणीही वर जात नाही. चित्रण करणारा त्याच वेगाने खाली पडत राहतो म्हणून पडद्यावर तसं दिसतं.

*प्रवासी विमानाचं दार उघडून उडी.* तीस-पस्तीस हजार फुटांवर आतल्या दाबाने दार चौकटीवर इतकं दाबलेलं असतं की माणसाच्या ताकदीने ते उघडत नाही. उंच गेल्यावर हवा विरळ होते, प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय माणूस काही वेळात गोंधळतो. साध्या उड्या १५,००० फुटांच्या आतच ठेवा.

*मिठी मारून एका पॅराशूटवर दोघं.* उघडतानाचा झटका इतका असतो की हातांनी धरलेला माणूस निसटतो. टँडममध्ये चार जोडण्या असतात त्या याचसाठी. दोघांना एकावर आणायचंच असेल तर कड्या कुठे अडकवल्या ते दाखवा.

*छेडछाडीची पाककृती.* गुन्हा दाखवा, त्याची रीत तपशीलवार लिहू नका. त्या पिशवीवर कुणाचातरी खरा जीव लटकतो. शिवाय कथेला त्याची गरजही नसते. वाचकाला हवं असतं ते कोणी आणि का.

७. खरी प्रकरणं वाचा, पण मोजकी

एक प्रकरण पूर्ण समजून घ्या: २४ नोव्हेंबर १९७१, अमेरिका. डॅन कूपर नावाने तिकीट काढलेल्या माणसाने पोर्टलंडहून सिएटलला जाणारं बोइंग ७२७ ताब्यात घेतलं, दोन लाख डॉलर आणि चार पॅराशूट मागितली. प्रवासी सोडले, विमान पुन्हा उडवायला लावलं. त्याच्या अटी बघा: १०,००० फुटांच्या खाली, चाकं बाहेर, वेग कमी. म्हणजे दाबाची अडचण नाही आणि शेपटाखालचा जिना उघडता येतो. रात्री, पावसात तो त्या जिन्यावरून गेला आणि पुन्हा कधी सापडला नाही. १९८० मध्ये एका लहान मुलाला नदीकाठी त्यातले ५,८०० डॉलर मिळाले. २०१६ मध्ये एफबीआयने तपास थांबवला. या घटनेनंतर ७२७ ला उड्डाणात तो जिना उघडू न देणारी पट्टी बसवली गेली.

चार पॅराशूट का मागितली, यावर थांबून विचार करा. तो कुणाला ओलीस घेऊन उडी मारेल या भीतीने कुणी मुद्दाम बिघडलेलं पॅराशूट देऊ शकलं नाही. एका मागणीत त्याने समोरच्यांचे हात बांधले. दिलेल्यांपैकी एक रिझर्व्ह मात्र सरावासाठीचं, न उघडणारं होतं, आणि ते चुकून गेलं होतं. असा डाव आणि अशी चूक एकाच प्रसंगात आणता आली की खलनायक उभा राहतो.

पॅराशूटमध्ये छेडछाड करून माणूस मारल्याचे किंवा मारू पाहिल्याचे खटलेही झाले आहेत. बेल्जियममध्ये २००६ सालच्या घटनेत २०१० मध्ये शिक्षा झाली. तिथे बळी पडलेल्या बाईच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. ब्रिटनमध्ये २०१५ सालच्या घटनेत पत्नी नांगरलेल्या मऊ शेतात पडून वाचली आणि २०१८ मध्ये नवरा दोषी ठरला. दोन्हींत कारणं अगदी घरगुती होती: प्रेम, मत्सर, पैसा. आंतरराष्ट्रीय टोळी आणायचा मोह झाला की हे आठवा.

८. तपास आपल्या मातीत ठेवा

माणूस पडतो ते कुणाच्यातरी शेतात. सांवेरकडच्या गव्हात, लसणाच्या वाफ्यात. पहिला साक्षीदार शेतकरी असतो, दुसरा गावचा पोरगा ज्याने मोबाईलवर चित्रण केलं. मग ठाणं, पंचनामा, आणि असा ठाणेदार ज्याने आयुष्यात पॅराशूट पाहिलेलं नाही. तो सगळं गुंडाळून पोत्यात भरायला सांगतो, आणि तुमची रिगर मुलगी ओरडते, हात लावू नका. इथे एकाच वाक्यात मराठी, हिंदी, माळवी येऊ द्या. आपल्याकडे बोलतातच तसं.

पुरावे म्हणून यादी हाताशी ठेवा: विमानात कोण, कोणत्या क्रमाने बसलं त्याची नोंद, रिझर्व्हचं कार्ड आणि सील, उडी मारणाऱ्याची लॉगबुक, स्वयंचलित यंत्राची स्थिती, हेल्मेटचा कॅमेरा, त्या तासाचा वाऱ्याचा वेग. यातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, एवढ्यावर मधली शंभर पानं उभी राहतात.

९. छापायला देण्याआधी जाणत्याकडून वाचून घ्या

पूर्ण कादंबरी कुणाच्या हातात देऊ नका, वाचली जाणार नाही. फक्त हवेतले प्रसंग आणि त्यांचे उंचीचे रकाने द्या. एक परवानाधारक उडीबाज आणि एक विमान चालवणारा, असे दोन वाचक पुरतात. दुसरा मिळवायला इंदूरच्या विमानतळावर मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब आहे. तिथे शिकणाऱ्या मुलांत मराठी घरांतलीही असतात. लहान विमानाचं दार, आसनं, आवाज यांबद्दल ती हौसेने बोलतात. त्यांना "हे बरोबर आहे का" असं विचारू नका. "हे वाचताना कुठे थांबलात" असं विचारा, आणि जिथे थांबले तिथे खूण करा.

उडीबाजांना गाठायचं असेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी गाठा. महोत्सवाच्या दिवसांत त्यांचे सकाळपासूनचे सगळे तास विमानात जातात आणि संध्याकाळी ते पॅराशूट बांधत बसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात निवांत फोन घेतात.